मित्रदेशांनी स्वतःच्या संरक्षणाचा खर्च जास्त उचलावा का? नाटो, जपान, कोरिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटोचे सदस्य देश अमेरिकेला वर्गणी देतात आणि ती थकली आहे, हे खरं आहे का?

नाही. नाटो ही अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी. मित्रदेश आपल्या सैन्यावर कमी खर्च करतात आणि भार आपल्यावर पडतो, ही अमेरिकेची तक्रार आहे. या विषयातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, म्हणून सुरुवात इथून.

दोन हिशेब वेगळे ठेवा. पहिला नाटोच्या सामाईक तिजोरीचा. ब्रसेल्सचं मुख्यालय, संयुक्त सेनामुख्यालयं, टेहळणीची सामाईक विमानं, इंधनाच्या काही वाहिन्या यांचा खर्च त्यातून होतो. सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा हा प्रकार आहे. कोणी किती भरायचं याचं सूत्र ठरलेलं असतं आणि ते भरलं जातं. २०२५ साठी ही रक्कम साधारण ४६० कोटी युरो होती. तिच्यात अमेरिका आणि जर्मनी यांचा वाटा सारखाच, प्रत्येकी १६ टक्क्यांच्या किंचित खाली. सगळ्या सदस्यांचा संरक्षणखर्च एकत्र केला तर त्यापुढे ही तिजोरी अगदीच किरकोळ, एक टक्काही भरत नाही.

दुसरा हिशेब प्रत्येक देश आपल्याच सैन्यावर करतो त्या खर्चाचा. भांडण आहे ते याच्यावरून. पोलंडने खर्च वाढवला म्हणजे पोलंडने पोलंडच्या रणगाड्यांवर, सैनिकांच्या पगारावर, दारूगोळ्यावर जास्त पैसे घातले. त्यातला एकही पैसा ‘थकबाकी’ म्हणून वॉशिंग्टनला जात नाही. ‘अमुक देशाने अमेरिकेचे इतके अब्ज बुडवले’ असं कोणी म्हणालं तर तो आकडा कुठल्याच खातेवहीत सापडणार नाही.

मग दोन टक्के हा आकडा आला कुठून?

नाटोच्या १९४९ च्या स्थापना-करारात कुठलाही टक्का नाही. कलम ३ एवढंच सांगतं की प्रत्येक सदस्याने स्वतःच्या बळावर आणि एकमेकांच्या मदतीने हल्ला परतवण्याची ताकद राखावी आणि वाढवावी. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, किमान २ टक्के खर्चाचा संकेत संरक्षणमंत्र्यांनी २००६ मध्ये मान्य केला. रशियाने क्रिमिया गिळल्यावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, वेल्सच्या शिखर परिषदेत त्याला राजकीय वचनाचं रूप आलं: दहा वर्षांत २ टक्क्यांकडे वाटचाल, आणि एकूण खर्चाचा किमान २० टक्के भाग नव्या मोठ्या युद्धसामग्रीवर व संशोधनावर. त्या वर्षी २ टक्के ओलांडणारे देश तीनच होते: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. २०२५ च्या अंदाजांनुसार, सैन्यच नसलेला आइसलँड सोडला, तर सगळे सदस्य तिथे पोचतात.

आता ५ टक्के म्हणतात, ते नेमकं काय आहे?

जून २०२५ मध्ये हेग इथे नाटोच्या शिखर परिषदेत ठरलेलं उद्दिष्ट आहे, २०३५ पर्यंतचं. बातम्यांत एकच आकडा येतो, पण त्याची दोन खाती आहेत.

३.५ टक्के हे मूळ संरक्षणाचं खातं: सैनिक, शस्त्रं, दारूगोळा, सराव, देखभाल. उरलेले १.५ टक्क्यांपर्यंत संरक्षणाशी संबंधित गोष्टींसाठी: पूल, बंदरं, रेल्वे, संगणकजाळ्यांची सुरक्षा, नागरी तयारी, शस्त्रउद्योगाची उभारणी. युक्रेनला दिलेली मदतही हिशेबात धरता येते. प्रत्येक देशाने दरवर्षी आपली योजना सादर करायची आणि २०२९ मध्ये फेरआढावा घ्यायचा, असं ठरलं आहे. स्पेनने तिथल्या तिथेच वेगळी भूमिका घेतली. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांचं म्हणणं असं की नाटोने नेमून दिलेल्या क्षमता स्पेन २.१ टक्क्यांतच उभ्या करू शकतो.

आमच्या मते ३.५ चं खातं खरं आहे. १.५ चं खातं फार सैल आहे. सिसिलीला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या नियोजित मेसिना पुलाचा खर्च यात बसवता येईल का, अशी चर्चा इटलीत झाली ती याच सैलपणामुळे.

संरक्षणखर्चात काय धरतात आणि काय नाही?

नाटोची व्याख्या बरीच रुंद आहे. निवृत्त सैनिकांचं पेन्शन धरतात. संशोधन धरतात, मग तो प्रकल्प पुढे फसला तरी. दुसऱ्या देशाला दिलेली शस्त्रमदत धरतात. निमलष्करी दलांचा खर्च मात्र त्यांना लष्करी शिक्षण व शस्त्रं मिळालेली असतील आणि ती थेट लष्करी हुकमतीखाली उतरवता येत असतील, तेवढ्याच प्रमाणात धरायचा. युद्धातल्या नुकसानीची भरपाई आणि नागरी संरक्षण मूळ खात्यात येत नाहीत.

त्यामुळे एखाद्या देशाचा टक्का एका वर्षात उडी मारून वर गेला तर आधी बघावं: नवी ब्रिगेड (काही हजार सैनिकांची लढाऊ तुकडी) उभी राहिली, की जुनाच खर्च नव्या शीर्षकाखाली आला?

टक्का वाढला म्हणजे ताकद वाढली, असं का म्हणता येत नाही?

कारण टक्का हा अपूर्णांक आहे आणि त्याचा छेद हलतो. ग्रीसचं उदाहरण घ्या. २००८ नंतरच्या कर्जसंकटात त्याची अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली. संरक्षणावरचा प्रत्यक्ष खर्चही कापला गेला, तरी २०१४ मध्ये ग्रीस ‘दोन टक्केवाल्यां’त शानने उभा होता. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त पैसा पगार आणि पेन्शनमध्ये जात होता. शिवाय त्या फौजेची नजर मुख्यतः तुर्कस्तानकडे, आणि तो तर नाटोचाच सदस्य. २०२० च्या कोविड वर्षात एकही जास्तीची बंदूक न घेता कित्येक देशांचे टक्के वर सरकले, कारण जीडीपी खाली आला.

दुसरी गोष्ट आकारमानाची. जर्मनीच्या जीडीपीचा १ टक्का म्हणजे ४,००० कोटी युरोहून जास्त. एस्टोनियाने आपल्या जीडीपीचे पूर्ण ५ टक्के दिले तरी सुमारे २०० कोटी होतात. एस्टोनियाचा त्याग मोठा, पण रणांगणावरचा तोल जर्मनीच्या अर्ध्या टक्क्याने हलतो.

मराठी इतिहासाच्या वाचकांना हा पेच ओळखीचा वाटेल. पेशवाईत सरदाराला ठराविक स्वार बाळगण्यासाठी सरंजाम मिळे, आणि छावणीत गणती घेतली की स्वार कमी भरत. सरंजाम किती दिला हा एक आकडा. हजेरीला घोडे किती उभे राहिले हा दुसरा. नाटोतही दुसरा आकडा आहे: अमुक इतक्या सुसज्ज ब्रिगेड, इतकी हवाई संरक्षण पथकं, इतक्या दिवसांचा दारूगोळा, असं प्रत्येक देशाला नेमून दिलेलं असतं. तो बहुतांशी गोपनीय राहतो, म्हणून सार्वजनिक भांडण टक्क्यावर होतं.

पण अमेरिकेची तक्रार रास्त आहे की नाही?

रास्त आहे, आणि ती आजची नाही. १९७१ मध्येच सिनेटर माइक मॅन्सफिल्ड यांनी युरोपातलं अमेरिकी सैन्य निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव आणला होता. सिनेटने तो फेटाळला. जून २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ब्रसेल्समध्ये युरोपीयांना तोंडावर बजावलं की असंच चाललं तर या आघाडीचं भविष्य अंधारं आहे. त्याच वर्षी लिबियावरच्या मोहिमेत काही युरोपीय हवाई दलांचे अचूक माऱ्याचे बॉम्ब काही आठवड्यांत संपत आले आणि हवेत इंधन भरण्याचं काम बव्हंशी अमेरिकी टँकर विमानांवर पडलं. शेजारच्या समुद्रापलीकडची छोटी मोहीम होती ती.

असं का होतं, याचं उत्तर मॅन्कर ओल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच मांडलं. सामायिक संरक्षण एकदा उभं राहिलं की त्याचा लाभ सगळ्यांना मिळतो, पैसे कोणीही घातलेले असोत. मोठ्याला ते स्वतःसाठी उभारावंच लागतं. लहान्याला हात आखडता घ्यायचा मोह होतो. आपल्याकडे यालाच आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

तरी दुसरी बाजू मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. सगळ्या सदस्यांच्या एकत्रित खर्चात अमेरिकेचा वाटा ६० टक्क्यांहून जास्त आहे खरा, पण त्या पैशातून पॅसिफिकमधलं आरमार आणि पश्चिम आशियातले तळही चालतात. तो सगळा खर्च युरोपवर झाला असं दाखवणं चूक आहे. जर्मनीतला रामस्टाइनचा तळ पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या अमेरिकी मोहिमांचा कणा आहे. ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर’ हे कलम ५ आजवर एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ मध्ये, आणि तेही अमेरिकेसाठी. त्यानंतर अफगाणिस्तानात डेन्मार्कने लोकसंख्येच्या मानाने जितके जवान गमावले तितके फार थोड्या देशांनी गमावले. त्या काळात डेन्मार्कचा टक्का दोनच्या बराच खाली होता.

आमचं मत स्पष्ट आहे: युरोपने जास्त खर्च करायलाच हवा. पण तो अमेरिकेची मर्जी राखण्यासाठी किंवा तिच्या कंपन्यांकडून विमानं घेण्यासाठी नव्हे. आज जे फक्त अमेरिकेकडे आहे ते युरोपकडे असावं म्हणून: हवेत इंधन भरणारी विमानं, जड मालवाहू विमानं, उपग्रहांची नजर, क्षेपणास्त्रविरोधी कवच, लांब पल्ल्याचा मारा.

पैसे मंजूर झाले तरी तोफगोळे का मिळत नाहीत?

मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं. मुदत संपली तेव्हा साधारण निम्मेच पोचले होते. पैसा ही अडचण नव्हती. १५५ मिलिमीटरचा गोळा बनतो कसा हे पाहिलं की कारण कळतं.

सुमारे ४५ किलोच्या या गोळ्याची सुरुवात पोलादाच्या ठोकळ्यापासून होते. तो लाल होईस्तोवर तापवून दाबयंत्राखाली भोक पाडून लांबवतात. मग कातकाम, उष्णताप्रक्रिया, आणि बुडाजवळ तांब्याचं कडं घट्ट दाबून बसवणं. नळीतल्या आट्यांत हेच कडं रुतून गोळ्याला फिरकी देतं. नंतर भरणी. टीएनटी हे स्फोटक साधारण ८० अंश सेल्सियसला वितळतं. ते ओतून सावकाश निववायचं. घाई केली तर आत पोकळी किंवा चीर राहते, आणि तोफ डागताच बसणाऱ्या हिसक्याने गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरण तपासणी. याशिवाय वेगळ्या कारखान्यांतून येणारे फ्यूज (गोळा फोडणारी कळ), प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि गोळा ढकलणारी दारू. यातलं एक जरी अडलं तरी बाकीचे ढीग नुसते पडून राहतात.

अडलं ते नेमकं इथेच. २०२२ मध्ये युरोपीय संघात मोठ्या प्रमाणावर टीएनटी बनवणारा प्रमुख कारखाना एकच होता, पोलंडमध्ये बिदगोश्च इथे. अमेरिकेने तर आपलं उत्पादन १९८० च्या दशकातच थांबवलं होतं. ढकलदारूसाठी नायट्रोसेल्युलोज लागतं आणि ते कापसाच्या लिंटरपासून, म्हणजे जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूपासून बनतं. युरोपचा हा पुरवठा बराचसा चीनमधून होत होता. विदर्भातल्या वाचकांना ही साखळी परकी वाटणार नाही: गोळ्याची रिकामी खोळ नागपूरजवळ अंबाझरीला, भरणी भद्रावतीजवळच्या चांदा कारखान्यात, ढकलदारू भंडाऱ्याला, अशी कामाची वाटणी आपल्याकडेही आहे.

शिवाय एका वर्षाच्या ऑर्डरवर कोणी नवी उत्पादनरेषा टाकत नाही. जर्मनीत उंटरल्यूस इथे ऱ्हाइनमेटाल या शस्त्रकंपनीच्या नव्या गोळा-कारखान्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑगस्ट २०२५ मध्ये. वर्षाला साडेतीन लाख गोळ्यांची पूर्ण क्षमता मात्र २०२७ साठी ठरलेली आहे. खूप वेगाने झालेलं काम आहे हे, तरी पूर्ण क्षमतेला तीन वर्षं लागतात. अर्थसंकल्पात रक्कम वाढवणाऱ्या सरकारने आधी बहुवर्षीय खरेदीकरार केले पाहिजेत. नाहीतर जास्तीचा पैसा तेवढ्याच गोळ्यांची किंमत वाढवतो.

पूल आणि रेल्वेचा संरक्षणाशी काय संबंध?

फार जवळचा. लेपर्ड-२ रणगाडा ६० टनांहून जड आहे. तो ट्रेलरवर चढवला की वजन आणखी वाढतं आणि कित्येक जुने पूल ते पेलत नाहीत. पोलंडमधल्या रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर आणि लिथुआनिया, लाटविया, एस्टोनियातल्या जुन्या रुळांची १,५२०. म्हणजे सरहद्दीजवळ आख्खी गाडी उतरवून दुसरीवर चढवायची. १,४३५ ची नवी ‘रेल बाल्टिका’ बांधली जात आहे ती यासाठीही. कागदपत्रांचा अडथळा वेगळाच; लष्करी ताफा सरहद्द ओलांडताना लागणाऱ्या परवानग्या कमी करायला नेदरलँड्स, जर्मनी आणि पोलंड यांनी जानेवारी २०२४ मध्ये लष्करी मार्गिकेचा करार केला. १.५ टक्क्यांच्या खात्यातला पैसा अशा जागी गेला तर तो सार्थकी लागला म्हणायचा.

देश हा पैसा आणतात कुठून?

कोणी कर्ज काढून. जर्मनीने २०२२ मध्ये १०,००० कोटी युरोचा खास निधी उभारला आणि मार्च २०२५ मध्ये राज्यघटना बदलून, जीडीपीच्या १ टक्क्यापलीकडचा संरक्षणखर्च कर्जमर्यादेतून मोकळा केला. कोणी कर वाढवून: एस्टोनियाने जुलै २०२५ पासून मूल्यवर्धित कर २४ टक्के केला. ब्रिटनने परदेशांना द्यायची विकासमदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलं. याची झळ गरीब देशांना बसते आणि आम्हाला हा मार्ग पटत नाही. डेन्मार्कने तर एक जुनी धार्मिक सुट्टीच २०२४ पासून रद्द केली, म्हणजे लोक एक दिवस जास्त काम करतील आणि कर वाढेल.

जपान आणि दक्षिण कोरियाचं वेगळं काय?

तिथे खरोखरच अमेरिकी फौजेच्या मुक्कामासाठी पैसे दिले जातात. म्हणून ‘स्वतःवरचा खर्च’ आणि ‘पाहुण्या फौजेवरचा खर्च’ हे दोन्ही प्रश्न तिथे एकदम उभे राहतात.

कोरियात सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत. १९९१ पासून दर काही वर्षांनी खास करार होतो. त्याची रक्कम तीन गोष्टींवर जाते: तळावरच्या कोरियन कर्मचाऱ्यांचे पगार, बांधकाम, आणि पुरवठा. म्हणजे बराचसा पैसा कोरियातच फिरतो. करार रखडला तर पहिला फटका कोणाला, हे २०२० मध्ये दिसलं. २०१९ चा करार एकाच वर्षाचा होता. अमेरिकेने एकदम सुमारे ५०० कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास पाचपट, मागणी केली. बोलणी अडली आणि एप्रिलमध्ये चार हजारांच्या आसपास कोरियन कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसावं लागलं. २०२४ मध्ये झालेल्या करारात २०२६ साठी १.५२ लाख कोटी वॉन ठरले आणि पुढची वाढ महागाईच्या निर्देशांकाला बांधली. प्योंगटेकच्या हम्फ्रीज तळाच्या उभारणीचा सुमारे ९० टक्के खर्च कोरियाने केला तो याच्या बाहेरचा. वार्षिक आकड्यावरून भांडताना तो विसरला जातो.

जपानने १९७६ मध्ये स्वतःवर १ टक्क्याची मर्यादा घालून घेतली होती. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांच्या सरकारने २०२७ पर्यंत २ टक्के आणि पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन असं ठरवलं. मग येन घसरला. विमानं आणि क्षेपणास्त्रं डॉलरमध्ये घ्यायची असल्याने तेवढ्याच येनमध्ये माल कमी येऊ लागला. रक्कम ठरवताना चलनाचा दर गृहीत धरणाऱ्या कुठल्याही देशाला हा फटका बसू शकतो.

ही तर आपल्याकडची तैनाती फौजच झाली, नाही का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणं साहजिक आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीची किमान सहा हजारांची पायदळ फौज कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. परराष्ट्रव्यवहारही कंपनीच्या संमतीला बांधला गेला. कोरिया किंवा जपान मुलूख देत नाहीत, करार संसदेत येतात, आणि मुदत संपली की पुन्हा घासाघीस करता येते. हा फरक मोठा आहे.

पण त्या तहातला एक धोका आजही लागू पडतो. पाहुण्या फौजेवर पैसा गेला आणि घरची फौज हलकी राहिली, तर बोलणीच्या मेजावर आपला शब्द हलका होतो. म्हणून मुक्कामखर्च वाढवण्यापेक्षा स्वतःच्या सैन्यावरचा खर्च वाढवणं केव्हाही बरं.

उद्दिष्ट न गाठणाऱ्या देशाला नाटोतून काढतात का?

नाही. करारात हकालपट्टीची तरतूदच नाही. कलम १३ नुसार देश स्वतःहून, वर्षाची नोटीस देऊन, बाहेर पडू शकतो. कलम ५ चं संरक्षणही टक्क्यावर अवलंबून नाही. मात्र मदत कोणत्या स्वरूपात करायची ते प्रत्येक देश स्वतः ठरवतो. संशयाला जागा आहे ती तिथे.

अमेरिकेने युरोपातलं सैन्य परत नेलं तर तिचे पैसे वाचतील ना?

फारसे नाहीत. ब्रिगेड जर्मनीतून टेक्सासला नेली तरी पगार, इंधन, दुरुस्ती चालूच राहते. वर नवी निवासस्थानं बांधावी लागतात आणि यजमान देश देत असलेल्या सोयी जातात. ब्रिगेड बरखास्त केली तरच मोठी बचत होते.

भारताला यातलं काय लागू होतं?

भारत कुठल्याही लष्करी आघाडीत नाही. क्वाड (भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट) हा संरक्षणकरार नव्हे. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटी रुपयांचा, म्हणजे जीडीपीच्या १.९ टक्क्यांच्या आसपास. त्यात १.६ लाख कोटींच्या घरातलं पेन्शन आहे. नाटोच्या देशांशी तुलना करताना दोन्हीकडे पेन्शन धरा किंवा दोन्हीकडे वगळा, नाहीतर तुलना खोटी पडते.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांना सक्तीची भरती आहे का?

भारतीय पासपोर्ट असेल तर नाही. मुलाने जर्मन नागरिकत्व घेतलं असेल तर जानेवारी २०२६ पासून लागू झालेला नवा कायदा पाहावा: २००८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलग्यांना अठरा वर्षांचे झाल्यावर प्रश्नावली भरून पाठवणं बंधनकारक आहे. मुलींना ती ऐच्छिक आहे. प्रत्यक्ष सेवा सध्या स्वेच्छेची आहे. सक्ती आणायची तर जर्मन संसदेला वेगळा निर्णय करावा लागेल.